रघुपतीरावांचं आयुष्य, नऊ पायऱ्यांवर

रघुपतीरावांनी जाहीर केलं की आपण आत्मचरित्र लिहिणार, आणि दिवाळीच्या आत संपवणार! जाहीर कुठे केलं? तर स्वैपाकघराच्या दारात. कोणापुढे? तर बायकोपुढे. चंद्रमती त्या वेळी नवरात्रासाठी हरभरे निवडत बसली होती, आणि तिने मान वर न करता "सेरी" म्हटलं. हा तमिळ शब्द तंजावूरच्या मराठी घरांत 'बरं' इथपासून 'तुमचं चालू द्या, माझं डोकं खाऊ नका' इथपर्यंत कशालाही चालतो. रघुपतीरावांनी तो पहिल्या अर्थाने घेतला.

"मराठींत लिहितों आहें," ते छाती फुगवून म्हणाले. "तेंही देवनागरी अक्षरांत!"

आता ही फुशारकी मात्र खरी होती बरं का! तंजावूरचे मराठी लोक घरात मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की तमिळ, नाही तर इंग्रजी. देवनागरी येणारा माणूस गल्लीत एखादाच. रघुपतीराव मात्र निवृत्त झाल्यावर शिकवणी लावून, पाटी घेऊन, साठीच्या वयात बाराखडी शिकले होते. अक्षरं एवढी मोठी आणि ठळक काढायचे की लांबून पाहणाऱ्याला दुकानाची पाटीच वाटावी. घरात दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नव्हती, याचा त्यांना फार अभिमान होता. याच अभिमानाने पुढे त्यांचा घात केला, पण ते येईलच.

रघुपतीराव नोकरीला होते सर्व्हेअर. पापनाशम तालुक्यातलं भातशेत आणि त्यांच्या साखळीने मोजलेलं नाही, असं सापडणं कठीण. त्यांचा हिशेब सोपा होता. एवढी जमीन मोजली, तिथे स्वतःचं आयुष्य ते काय मोठं! टोकाला दोन खुंट्या ठोकायच्या आणि मधलं मोजत जायचं.

पण पुण्याच्या सुप्रभा मॅडमनी पहिल्याच रविवारी त्यांची साखळी काढून घेतली. या बाई फोनवरून आत्मचरित्र लिहायला शिकवायच्या. पडद्यावर वीस-बावीस चौकटी, चौकटीत वीस-बावीस निवृत्त चेहरे, आणि मधोमध मॅडम.

"आठवणी म्हणजे पुस्तक नव्हे!" मॅडमनी ठणकावलं. "आधी आराखडा! एका कार्डावर एकच प्रसंग लिहा. सगळी कार्डं एका जागी अशी मांडा की तुमचं सगळं आयुष्य एका नजरेत दिसलं पाहिजे. मग ती हलवा. वरची खाली, खालची वर. रचना अशी सापडते."

रघुपतीरावांनी आठवडाभर बसून कार्डं लिहिली आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवली. जन्म. शाळा. नोकरी. बदली. पुन्हा बदली. स्कूटर घेतली. स्कूटर चोरीला गेली आणि सापडली. अपेंडिक्सचं ऑपरेशन. घर बांधलं. सेवानिवृत्ती.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. रघुपतीरावांना वाटलं, भारावल्या!

"रघुपतीराव, तुमची भाषा फार गोड आहे हो. पण हे आयुष्य आहे की बदलीचा हुकूम? यात संघर्ष कुठे आहे? तुमच्या वाटेत कोणी उभं राहिलं नाही? कोणी तुम्हाला दुखावलं नाही? खलनायक शोधा, रघुपतीराव! त्याच्याशिवाय आराखडा उभाच राहणार नाही."

खलनायक शोधायला रघुपतीरावांना लांब जावं लागलं नाही. श्रीनिवासराव! चंद्रमतीचा थोरला भाऊ!

चौदा वर्षांपूर्वी रघुपतीरावांनी राजवाड्यामागच्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून मेडिकल कॉलेज रोडच्या पलीकडे स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळं गणगोत जमलं होतं. पानं मांडली होती. आणि श्रीनिवासरावांनी खिशातून होकायंत्र काढून भर मांडवात सांगितलं, "भावजी, तुमचें दार पूर्वेला नाहीं. जरा सरकलें आहे."

सर्व्हेअरला! त्याच्याच घरात! दिशा चुकली म्हणून!

रघुपतीराव म्हणाले, "तुम्हांला दार आवडत नसेल तर त्यांतून बाहेर जाणें सोपें आहे." आणि श्रीनिवासराव भरल्या पानावरून उठून गेले. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ते राहायचे कुंभकोणमला, म्हणजे बसने तासाभराची वाट. पण चौदा वर्षं चंद्रमतीला भाऊ दिसला तो फक्त दुसऱ्यांच्या लग्नांत, तोही घाईघाईत, जेवणाच्या पंगतीत. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त दर दसऱ्याला भावाच्या आवडीचं काहीतरी करायची आणि शेजारी वाटून टाकायची.

तर रघुपतीरावांनी सगळ्यात मोठं कार्ड घेतलं, लाल स्केचपेन घेतलं, आणि दुकानाच्या पाटीला लाज वाटेल अशा अक्षरांत लिहिलं: 'खलनायक: श्रीनिवासराव. वास्तुशांतीचा अपमान. होकायंत्र!' लिहून झाल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी शेवटी आणखी एक उद्गारचिन्ह काढलं.

आता मांडायची कुठे? जमिनीवर मांडली, तर कामवाली केरसुणी घेऊन आली. पलंगावर मांडली, तर पंख्याने सेवानिवृत्ती उडून जन्माच्या आधी जाऊन पडली. आणि मग त्यांची नजर गेली हॉलमध्ये.

हॉलमध्ये कोलूच्या पायऱ्या तयार उभ्या होत्या! तमिळ मुलखात नवरात्रात घरोघर बाहुल्यांचा कोलू मांडतात, तसा तंजावूरच्या मराठी घरांतही मांडतात. लाकडी पायऱ्यांवर पांढरं कापड, वरच्या पायरीवर देव आणि कलश, खाली संतसज्जन, राजाराणी, आणि तळाला किराणा विकणारा चेट्टियार बायकोसकट. चंद्रमतीच्या नऊ पायऱ्या अमावास्येलाच लागल्या होत्या आणि अजून रिकाम्या होत्या. रघुपतीरावांनी खालून वर आयुष्य मांडलं. जन्म तळाला, सेवानिवृत्ती वरून दुसरी, आणि एकदम शेंड्यावर, सगळ्यांच्या नजरेत भरेल असा, श्रीनिवासराव. उडू नये म्हणून पेटीतून हाताला येतील त्या बाहुल्या काढून कार्डांवर ठेवल्या. लांब उभं राहून पाहिलं. सगळं आयुष्य एका नजरेत! मॅडम खूश होणार!

तेवढ्यात आठवलं, पापनाशमला जुन्या सहकाऱ्याच्या नातवाचं बारसं. चंद्रमती वरच्या गच्चीवर पापड वाळवत होती. तिला काहीही न सांगता रघुपतीरावांनी चप्पल घातली आणि बस पकडली. बारशाला गेले, पोटभर जेवले, सहकाऱ्याने आग्रह केला म्हणून राहिले, आणि परतले ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

दारात रांगोळी. आतून उदबत्तीचा वास. आणि हॉलमध्ये...

"अय्यो!" रघुपतीरावांच्या तोंडून निघालं.

कोलू मांडून झाला होता. नऊच्या नऊ पायऱ्या भरगच्च! कलश बसला होता, समई लागली होती, पूजा झाली होती. आणि प्रत्येक बाहुलीच्या पायाखालून, तिच्या नावाची पाटी असावी तसं, एकेक कार्ड पुढे आलेलं. विष्णूच्या पायाशी 'मन्नारगुडीला बदली'. राजाराणीच्या पायाशी 'स्कूटर घेतली'. हनुमंताच्या पायाशी 'अपेंडिक्स'. आणि सगळ्यात वर, कलशाला टेकून, अंबेच्या मूर्तीच्या चरणांशी, लाल भडक श्रीनिवासराव!

चंद्रमती पदर सावरत बाहेर आली. नवी रेशमी साडी, केसांत मोगरा, आणि डोळ्यांत पाणी.

"काय हो," ती म्हणाली, "मज सांगावें तरी! सगळ्या बाहुल्यांचीं नांवें शास्त्रीबुवांच्या पोथीच्या अक्षरांत लिहून ठेवलींत! इतकीं वर्षें लग्नाला झालीं, माझ्या कोलूला तुम्हीं आजवर एक टाचणीसुद्धां लावली नव्हती. मी कार्डें पाहिलीं आणि बसलेंच जमिनीवर."

"अगं, पण तीं..."

"सगळीं तशींच ठेवलीं. फक्त तुम्हीं बाहुल्या चुकीच्या लावल्या होत्या. अंबेच्या कार्डावर कोण चेट्टियार ठेवतो? त्याला खालीं नेला. सगळ्यांत मोठीं लाल अक्षरें म्हणजे अंबेचेंच नांव, एवढें मज वाचतां आलें नाहीं तरी कळतें!"

चंद्रमतीचा चेहरा असा उजळला होता की त्यावर पाणी ओतायला कसाईसुद्धा धजला नसता. ठीक आहे, त्यांनी मनाशी ठरवलं. कोणाला वाचता येतंय? नऊ दिवस बाहुल्या अपेंडिक्सवर उभ्या राहतील. बिघडलं काय?

"आणि ऐका!" चंद्रमतीने त्यांचा हात धरला. "अण्णाचा फोन आला होता. आपणहून! छातीचें ऑपरेशन झाल्यापासून माणूस बदलला आहे हो. म्हणे, चंद्रू, तुझा कोलू पाहायचा आहे. उद्यां संध्याकाळीं येतो आहे! चौदा वर्षांनीं! मी काय करूं आणि काय नको, मज कळत नाहीं. तुम्हीं फक्त एक करा. तो आला कीं गोड बोला. पुन्हा कांहीं झालें, तर तो या जन्मांत येणार नाहीं, आणि मी कोणाच्या दारांत उभी राहूं तें सांगा."

रघुपतीरावांची नजर वरच्या लाल कार्डावर गेली. कारण श्रीनिवासराव रेल्वेत होते, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांनी काढली होती नागपूरला. देवनागरी ते वर्तमानपत्रासारखी वाचायचे!

"कार्डें काढूं या कां?" त्यांनी हळूच विचारलं. "जरा... गर्दी वाटते."

"कलश बसल्यावर?" चंद्रमतीने कानांना हात लावला. "विजयादशमीपर्यंत पायरीवरची काडी हलवायची नाहीं! हें तुम्हांला माहीत नाहीं? आई म्हणायची, हललेला कोलू घराला लागतो. आणि अण्णा यायच्या आदल्या दिवशीं?"

त्या संध्याकाळीच पहिला हादरा बसला. शेजारच्या कामाक्षी आल्या. चंद्रमतीने कुंकवाची कुयरी पुढे केली, तशी त्यांनी आधी अंबेला हळदीकुंकू वाहिलं, आणि मग भक्तिभावाने लाल कार्डालाही! बरोबर 'श्रीनिवासराव'च्या कपाळी! मग त्या दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून पाहू लागल्या.

"हें हिंदी नव्हे कां? मी शाळेंत असतां हिंदीची परीक्षा दिली होती. पाहूं... ख..."

रघुपतीराव एक पाऊल पुढे सरकले.

"ल..."

"गाणें!" रघुपतीराव किंचाळले.

"कां?"

"गाणें म्हणा! कोलूला आल्यावर गाणें म्हणायचें असतें! म्हणा ना, कामाक्षी!"

"माझा घसा बसला आहे. ना... य..."

मग काय! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बाथरूममध्येही सूर लावला नव्हता, त्या रघुपतीरावांनी डोळे मिटून देवीची आरती सुरू केली. शब्द येत नव्हते तिथे नुसतं "आ" केलं. आवाज असा लागला की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं आणि कामाक्षी सुंडलचा द्रोण घेऊन लगबगीने घरी गेल्या. चंद्रमती मात्र भारावून पाहत राहिली. नवऱ्याला एवढी भक्ती! तिने त्यांना दुसऱ्यांदा सुंडल वाढलं. खोबरं घातलेले ते हरभरे रघुपतीरावांनी लाल कार्डावर नजर ठेवून चावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रमती आंघोळीला गेली, तशी रघुपतीरावांनी हालचाल केली. कार्ड काढायचं नाही, तर नाही. पण वाऱ्याने उडालं तर? वारा काही माणसाने केलेला नसतो! त्यांनी हॉलचा पंखा फुल्ल केला आणि शिवाय टेबलफॅन आणून पायऱ्यांकडे तोंड करून लावला.

कार्ड हललं नाही. अंबेची मूर्ती चांगली दोन किलोची, ती त्यावर पाय रोवून उभी होती. हलल्या त्या तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या! पाचव्या पायरीवर त्यांची रांगच होती. सगळ्यांनी मिळून एकदम माना हलवायला सुरुवात केली. नाही, नाही, नाही, नाही! रघुपतीराव त्यांच्याकडे बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात समई फडफडली. एक वात विझली. दुसरी निळी झाली.

"समई!" बाथरूमच्या दारातून चंद्रमती ओल्या केसांनी धावत आली. तिने पदराचा आडोसा करून उरलेली वात कशीबशी वाचवली, आणि ती विझली नाही हे दिसल्यावर तिथेच मटकन बसली.

"उकडत होतें," रघुपतीराव म्हणाले.

"आज नको हो," ती एवढंच म्हणाली. "आज कांहीं अशुभ नको."

रघुपतीरावांना स्वतःची शरम वाटली. पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. त्यांनी स्कूटरला किक मारली आणि राजवाड्याजवळच्या बाहुल्यांच्या दुकानात गेले. दर वर्षी कोलूत एक तरी नवी बाहुली घालायची असते ना? मग घेऊ या! दुकानदाराने सुबक गणपती दाखवला. "याहून रुंद?" सरस्वती दाखवली. "याहून रुंद!" शेवटी त्यांनी एक हत्ती घेतला. तो लाल कार्डापुढे ठेवला तर श्रीनिवासराव पूर्ण झाकले जाणार होते. मोजूनच घेतला होता, सर्व्हेअरच तो!

"वा!" चंद्रमती म्हणाली. "पण जनावर वर कसें ठेवायचें? देवाला पाठ होईल." आणि हत्ती गेला तळाला, चेट्टियारच्या दुकानासमोर.

पाच वाजता रिक्षा थांबली.

श्रीनिवासराव उतरले. रघुपतीरावांना आठवत होता तो दांडगा, आवाजी माणूस. हा होता वाळलेला, हातात काठी, गळ्यापाशी शर्टातून डोकावणारा टाक्यांचा व्रण. चंद्रमती दारात धावली, आणि मग उंबऱ्याशी थबकली, जणू तो आत येईल की नाही याची तिला अजून खात्री नव्हती. श्रीनिवासरावांनी दाराकडे पाहिलं. वर पाहिलं. खाली पाहिलं.

"दार छान आहे," श्रीनिवासराव म्हणाले आणि आत आले. चंद्रमती रडायलाच लागली.

"अण्णा, इथें बैस. समोर. सगळा कोलू दिसतो." तिने खुर्ची ओढली, अगदी नऊ पायऱ्यांच्या पुढ्यात. "यांनीं सगळ्या बाहुल्यांचीं नांवें लिहिलीं आहेत. तुज तर वाचतां येतें! मज एकेक वाचून दाखव."

श्रीनिवासरावांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला.

"चष्मा राहिला गं घरीं."

अंबे माते! रघुपतीरावांनी मनातल्या मनात अंबेला नारळांचं अख्खं तोरण बोलून टाकलं.

"त्यांत काय!" चंद्रमतीने रघुपतीरावांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला आणि भावाच्या नाकावर ठेवला. "दिसतें कां?"

"झकास! भावजी, आपला नंबर एकच!"

रघुपतीरावांना आता काही दिसत नव्हतं. एका परीने तेच बरं होतं. धूसर उजेडात त्यांना एवढंच कळलं की श्रीनिवासराव काठी टेकत उठले आणि तळाच्या पायरीपासून वाचू लागले.

"'जन्म, पापनाशम'. चंद्रू, ही बाहुली कोणाची?"

"चेट्टियारची."

"हं. 'शाळेंत गणितांत पहिला'. हा हत्ती गणितांत पहिला? 'पहिली नोकरी'. 'पहिलें शेत मोजलें'..." श्रीनिवासराव थांबले. "चंद्रू, हीं देवांचीं नांवें नव्हेत गं. हें तुझ्या नवऱ्याचें आयुष्य आहे!"

चंद्रमतीने वळून पाहिलं. आता सांगणं भाग होतं. रघुपतीराव चाचरत बोलू लागले. मॅडम, आराखडा, कार्डं, पंखा, पापनाशमचं बारसं. बोलता बोलता ते सरकत सरकत श्रीनिवासराव आणि वरच्या पायऱ्या यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "एवढेंच आहे. पुढें कांहीं विशेष नाहीं. कॉफी घेऊं या!"

"सरका, भावजी. गोष्ट आतां रंगते आहे."

आणि ते वाचत वर चढले. बदली. पुन्हा बदली. स्कूटर घेतली. स्कूटर चोरीला गेली आणि सापडली. अपेंडिक्स. घर बांधलं. सेवानिवृत्ती. मग त्यांनी मान उंच केली. श्रीनिवासराव वाचत होते, पण मोठ्याने नाही.

"काय आहे, अण्णा?" चंद्रमतीने विचारलं. "वाच ना. वाच!"

"'खलनायक,'" श्रीनिवासरावांनी सावकाश वाचलं. "'श्रीनिवासराव. वास्तुशांतीचा अपमान. होकायंत्र.'"

श्रीनिवासरावांनी काठी सोडली, दोन्ही हात छातीवर दाबले, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"अण्णा!" चंद्रमती किंचाळली. "पाणी! डॉक्टरला फोन करा! उभे काय राहिलांत!"

रघुपतीराव फोनकडे धावले, चष्म्याशिवाय टेबलफॅनवर आपटले, आणि खाली पडल्या पडल्या त्यांना ऐकू आलं की श्रीनिवासराव हसतायत. टाके दुखू नयेत म्हणून छाती धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत!

"कुंकू!" ते कसेबसे म्हणाले. "चंद्रू, माझ्या नांवाला कुंकू लावलें आहे! अंबेच्या पायाशीं! तीन महिने दवाखान्यांत होतों, तेव्हां माझ्यासाठीं एवढी पूजा कोणीं केली नसेल! भावजी, उठा. लागलें कां? खरें सांगायचें तर तें होकायंत्रही माझें नव्हतें. स्टेशनमास्तरचें होतें, आणि बिघडलेलें होतें. तें मज घरीं गेल्यावर कळलें."

"मग सांगितलें कां नाहीं?" रघुपतीराव जमिनीवरूनच म्हणाले.

"कोणत्या तोंडानें सांगूं?"

रघुपतीराव उठून बसले. चौदा वर्षांचा डोंगर अंगावरून उतरला. चंद्रमती भावाला धरून एकाच वेळी हसत आणि रडत होती. वाचलो! सगळं वाचलं! रघुपतीरावांना एवढा आनंद झाला की ते स्वतः कॉफी करायला निघाले. आणि तेव्हाच श्रीनिवासराव पुन्हा पायऱ्यांकडे वळले. वरून खाली पाहिलं. खालून वर पाहिलं. हसू हळूहळू मावळलं.

"भावजी," ते म्हणाले, "यांत माझी बहीण कोठें आहे?"

"आं?"

"मी आहें. अपेंडिक्स आहे. स्कूटरला दोन कार्डें आहेत. चंद्रू कोठें आहे?"

"ती... ती काय... ती सगळीकडेंच आहे!" रघुपतीराव म्हणाले. "म्हणजे वेगळें कार्ड... धरूनच चाललों मी."

चंद्रमतीने कोलूकडे पाहिलं. ही कार्डं तिने दोन दिवस पुसली होती, त्यांच्यापुढे रांगोळी काढली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवली होती.

"स्कूटरला दोन?" तिने विचारलं.

ती तशीच वळली आणि स्वैपाकघरात गेली. तिच्यामागून श्रीनिवासराव गेले. रघुपतीराव हॉलमध्ये एकटे उरले, चष्म्याशिवाय. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग भांड्यांचा आवाज. मग कुजबुज. मग चंद्रमतीचं हसू, जे या घरात त्यांनी अशा तऱ्हेने कधी ऐकलं नव्हतं. मग दोघांचं मिळून. चौदा वर्षांच्या गप्पा होत्या, त्या काय एका संध्याकाळीत संपतात? श्रीनिवासरावांनी दसऱ्यापर्यंतचा मुक्काम ठोकला. रोज संध्याकाळी सवाष्णी आल्या की ते काठीने एकेक कार्ड दाखवून वाचायचे, आणि शेवटी छातीवर हात ठेवून सांगायचे, "हा मी!" बायका वाकून नमस्कार करायच्या. रघुपतीरावांना चष्मा मिळायचा तो फक्त जेवताना. चंद्रमती त्यांच्याशी बोलत होती, पण मोजकं. भात हवा? ताक हवं? बस.

रविवारी सुप्रभा मॅडमनी विचारलं, "रघुपतीराव, आराखडा झाला का?"

त्यांनी फोन कोलूकडे वळवला. वीस-बावीस निवृत्त चेहऱ्यांनी एकदम "वा!" केलं.

"विलक्षण!" मॅडम ओरडल्या. "काय रचना आहे! आणि खलनायक सगळ्यात वर, पूजा केलेला! तुम्हाला कसं सुचलं हो? पण रघुपतीराव, इतक्या भरलेल्या घरात बाईमाणूस दिसत नाही कुठे. तुमच्या मिसेस?"

"त्या रागावल्या आहेत, मॅडम."

"मग बसलात काय? जा, तेच पहिलं प्रकरण! आत्ता!"

रघुपतीरावांनी कोरं कार्ड घेतलं. त्यावर 'चंद्रमती' लिहिलं आणि ते हातात धरून स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. चंद्रमती नारळ खवत होती. श्रीनिवासराव पाटावर बसून तिला कढीपत्ता काढून देत होते.

"काय लिहिलें आहे?" चंद्रमतीने विचारलं. "मज वाचतां येत नाहीं."

"तुझें नांव."

"आणि पुढें?"

पुढे काय? रघुपतीराव कार्डाकडे पाहत राहिले. सगळा पापनाशम तालुका त्यांना बांधासकट तोंडपाठ होता. इथे मात्र सुरुवात कुठून करायची तेच कळेना. त्यांची मान हळूहळू खाली गेली, आणि चंद्रमतीला त्यांची थोडी दया आली. तिने पाट पुढे सरकवला.

"बसा. अण्णा सांगेल. तुम्हीं लिहा."

"लिहा," श्रीनिवासरावांनी घसा साफ केला. "'प्रकरण पहिलें. मुलगी पाहायला आलेल्या मुलानें मुलीकडे एकदांही पाहिलें नाहीं. त्यानें फक्त आमच्या अंगणाची लांबी विचारली.'"

"खोटें!" रघुपतीराव उसळले. "साफ खोटें! चंद्रू, तूं सांग यांना!"

"खोटेंच आहे, अण्णा," चंद्रमती नारळ खवता खवता म्हणाली. "रुंदीही विचारली होती."

रघुपतीरावांनी मुकाट्याने कार्ड मांडीवर घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: लांबी, आणि रुंदी.